सात गावांचं पितळ

“एवढा बोभाटा केला नाण्याचा, अन् हे तं पाण्यावर तरंगन,” गोकुळाच्या शेजारची बाई पुटपुटली.

ती स्वतःशीच बोलत होती, पण मांडवात माणसं अशी खेटून बसली होती की स्वतःशी बोलायची सोय कोणालाच उरली नव्हती. बाईने नाणं दोन बोटांत धरून खालीवर केलं, नखाने टिचकी मारून पाहिली, आणि मग सकाळी नऊपासून बसवून ठेवलं पण चहाचा घोट दाखवला नाही, या जास्त महत्त्वाच्या विषयाकडे वळली. गोकुळाने मान डोलावून तिला साथ दिली. तिचं स्वतःचं नाणं अजून प्लॅस्टिकच्या डबीतच होतं. डबी उघडायला तिचा हात होत नव्हता.

साल अठ्ठ्याण्णव. चंद्रपुरात राजधानी स्थापना महोत्सव चालला होता. गोंड राजाने इथे राजधानी वसवली त्याला नेमकी किती वर्षं झाली, यावर समितीतल्या दोन प्राध्यापकांचं शेवटपर्यंत जमलं नाही, म्हणून स्मरणाचं नाणं काढलं खरं, पण त्यावर सालच टाकलं नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने धरावं.

मंचावर त्या वेळी इस्तारीला, म्हणजे गोकुळाच्या नवऱ्याला, शाल पांघरवत होते. ‘या नाण्याचे शिल्पकार’ असं माईकवर म्हणाले, आणि इस्तारीने दोन्ही हात जोडून मान खाली घातली. तीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी काही मिळवलं आणि आधी बायकोकडे पाहिलं नाही असं झालं नव्हतं. पहिला रेडिओ घेतला तेव्हा दुकानातूनच मागे वळून तिला दाखवला होता. आज त्याची नजर पायातल्या नव्या चपलांवर होती. ती तिथून हललीच नाही.

मग गोकुळाने डबी उघडली.

तिच्या हाताला तराजू लागत नसे. नाणं तळव्यावर पडल्याबरोबर तिला कळलं की यात पितळ नाही, नावालासुद्धा नाही. कसला तरी हलका पत्रा, वर सोन्याच्या रंगाचं पाणी. एका बाजूला किल्ल्याचा दरवाजा. दुसऱ्या बाजूला ससा आणि कुत्रा. ससा पुढे पळतो आहे, कुत्रा त्याच्या मागे लागला आहे.

तिने नाणं उलटं करून पाहिलं, वाकडं करून पाहिलं. कुत्रा मागेच राहिला.

चंद्रपूरच्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. राजा शिकारीला निघाला आणि त्याने पाहिलं की कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या पाठी लागला आहे. कुत्रा पुढे, ससा मागे. राजाने घरी येऊन राणीला सांगितलं, आणि राणी म्हणाली की ज्या मातीत ससा कुत्र्याला पळवतो तिथेच राजधानी बांधा. सारी गोष्ट तेवढीच आहे. कुत्रा सशाच्या मागे तर रोजच लागतो. त्यासाठी कोण राजधानी बांधेल?

गोकुळाचं घर चामोर्शीच्या अलीकडच्या एका खेड्यात. घराणं पितळेचे देव ओतणारं. आसपासच्या जंगलपट्टीतल्या गोंड गावांतून माणसं देव करून घ्यायला त्यांच्याकडे येत, ती इस्तारीच्या आज्याच्या आधीपासून. काम वाटलेलं होतं. मेण बायांचं, आग पुरुषांची. मेणात राळ कालवून त्याचे धागे काढायचे, धाग्यांनी घोडा, हत्ती, देव मढवायचा, त्यावर वारुळाची माती थापायची, इथपर्यंत गोकुळा. मग भट्टी, मूस, भाता, वितळलेलं पितळ, ते इस्तारीचं. मेण जळून जातं, त्याच्या जागी पितळ बसतं, माती फोडली की देव बाहेर. एका साच्यातून एकच. बघणारे म्हणत, काय हात आहे इस्तारीचा. गोकुळाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. म्हणजे थोडं वाटायचं, पण भाजीत मीठ कमी पडल्याएवढंच.

या धंद्याचा एक नेम होता. पितळ गिऱ्हाइकाने आणायचं. फुटका तांब्या, जुने घुंगरू, बैलाच्या गळ्यातली घाटी, जे असेल ते. ज्याचं पितळ त्याचाच देव. एका घरचं दुसऱ्या घरच्यात मिसळायचं नाही, आणि भट्टीपाशी सांडलेला थेंबसुद्धा वेचून परत करायचा. त्यासाठी कधी चिठ्ठी झाली नाही, कधी पावती झाली नाही. पितळाचं गाठोडं ओट्यावर ठेवून माणूस पाणी पिऊन निघून जाई आणि सहा महिन्यांनी देव न्यायला येई.

महोत्सव समितीचे सचिव सुरेंद्रभाऊ आदल्या दिवाळीनंतर जीपमधून आले ते याच ओट्यावर बसले होते. माणूस गोड. त्यांची कल्पना अशी की राजधानी गोंडांची, तर तिचं नाणं गोंड गावांच्या पितळातून व्हावं. सात गावं निवडायची, प्रत्येकाने काहीतरी द्यायचं, सगळं एकत्र वितळवून आठ नाणी ओतायची. एक मंचावर पाहुण्यांच्या हातात, उरलेली सात सातही गावांना परत, त्यांच्या देवाच्या ठाण्यावर ठेवायला. बाकी लोकांना वाटायची ती मशीनवर.

गोकुळाला ती कल्पना इतकी आवडली की तिने सुरेंद्रभाऊंना दुधाचा चहा केला.

पण सात गावांचं पितळ एकत्र करायचं म्हणजे नेम मोडायचा. इस्तारी म्हणाला, कोणी देणार नाही. गोकुळा म्हणाली, मी बोलते. आणि ती बोलली. पायी, बैलगाडीने, एकदा सायकलच्या मागच्या सीटवर बसून ती सातही गावं फिरली. बिरजूच्या गावात सर्वांत जास्त वेळ लागला. बिरजू तिथला वडीलधारा माणूस, बोलायला सावकाश. त्याच्या देवाच्या ठाण्यावर एक जुनी घंटा होती, चिरा पडलेली. वाजत नव्हती, पण कोणी काढतही नव्हतं. दोन दिवस गावात बोलणं झालं. शेवटी म्हाताऱ्यांनी अट घातली. पितळ मिसळा, पण मिसळलेलं एका जागी, एका माणसापाशी राहता कामा नये. वाटून सातही गावांत परत आलं पाहिजे. नाहीतर ज्याच्यापाशी राहील त्याच्या घरात सात गावचे देव भांडतील.

गोकुळा म्हणाली, माझ्यावर ठेवा.

बिरजूच्या बायकोने, सुकरीने, घंटा उतरवली आणि लुगड्याच्या पदरात धरून तिच्या हातात दिली. एवढंच. कागद नाही, अंगठा नाही.

त्या महिन्यात गोकुळाने मेणाची आठ नाणी केली. आठही ससे वेगळे झाले. एकाचे कान मागे वळलेले, एक जरा जाड, एकाच्या तोंडावर मिश्कील भाव आला, तो तिने तसाच ठेवला. मेण मऊ पडू नये म्हणून नाणी पाण्याच्या मडक्यात सोडली, उरलेल्या धाग्याचं वेटोळं त्याच मडक्यात, आणि पितळाचं पोतं आढ्याखाली बांधून ठेवलं. तेवढ्यात माजरीहून निरोप आला. तिची पोरगी रोशनी पहिलटकरीण, आणि सासूने ऐन वेळी पाय मोडून घेतला होता. गोकुळा दोन महिने कोळशाच्या धुरात बाळंतपण करायला गेली.

परत आली तेव्हा पोतं नव्हतं आणि मडकं कोरडं होतं.

इस्तारीने सांगितलं की सुरेंद्रभाऊ सगळं चंद्रपूरला घेऊन गेले, तिथल्या कारखान्यात ओतणार आहेत. आपली भट्टी लहान पडली असती. हे तो चुलीकडे बघत म्हणाला. आणि लगेच दुसरी बातमी दिली, ती मात्र तिच्याकडे बघत. प्रफुलला नोकरी लागली होती. गडचांदूरला, महोत्सव समितीच्या अध्यक्षसाहेबांच्या संस्थेच्या शाळेत, शिपाई म्हणून. गोकुळा-इस्तारीचा हा मुलगा बारावी होऊन चार वर्षं घरी बसला होता. मेणाला त्याचा हात लागत नव्हता आणि भट्टीपाशी त्याला खोकला येई. गोकुळाने देवापुढे दिवा लावला. मग ती भट्टीवर गेली. भट्टीतली राख ताजी होती. तिने ती पाहिली, आणि राख भरून उकिरड्यावर टाकून दिली.

म्हणून आज मांडवात डबी उघडायला हात होत नव्हता.

परतीच्या एसटीत इस्तारी शाल मांडीवर घडी करून बसला होता. गोकुळाने विचारलं, नाण्यात पितळ का नाही. तो म्हणाला, मशीनवर असंच होतं. तिने विचारलं, ससा पुढे कसा. तो म्हणाला की सुरेंद्रभाऊंचं म्हणणं पडलं, राजाचा कुत्रा सशाला भिऊन पळतो हे मोठ्या पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही. मग तिने विचारलं, मंचावर पाहुण्यांच्या हातातही हेच नाणं होतं, तर सात गावांचं पितळ कुठे आहे.

“समितीपाशी,” इस्तारी म्हणाला. “देतीन. घाई नोको करू.”

आणि खिडकीची काच वर ढकलायला लागला, ती आधीच वर होती.

आठवड्याने गोकुळा गडचांदूरला गेली. पोराला घरची लाखोळीची डाळ आणि अंबाडीची भाकर द्यायची हे कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. सिमेंटच्या धुळीने त्या गावातली झाडंसुद्धा म्हातारी दिसत. शाळा नवीन होती. दारावर, पुरुषभर उंचीच्या जरा वर, हातभर रुंद पितळेची पाटी होती. अध्यक्षसाहेबांच्या कैलासवासी वडिलांचं नाव, आणि भोवती वेलबुट्टी.

प्रफुल स्टुलावर चढून ती पुसत होता. रोज प्रार्थनेच्या आधी पुसायचा हुकूम होता. आईला पाहून तो खाली उतरला, आणि स्टूल बाजूला घेऊ लागला. गोकुळाने ते धरलं आणि स्वतः चढली. पन्नाशीची बाई शाळेच्या दारात स्टुलावर चढलेली पाहून दोन पोरी खुदखुदल्या. तिने पाटीवर अंगठा फिरवला.

मेण दाबून धागा काढायची तिची एक जुनी भोकाची फळी होती. तिच्या भोकाला एका अंगाला खाच पडली होती, म्हणून तिच्या प्रत्येक धाग्यावर एक बारीक धार येई. तीस वर्षं ती ओल्या अंगठ्याने ती धार चोळून काढत आली होती. इस्तारीला ते ठाऊक नव्हतं. कारण आग त्याची, मेण तिचं. पाटीवरच्या प्रत्येक अक्षराच्या कडेला ती धार होती. धागा तिचा, चोळणारा हात मात्र तिचा नव्हता. वेलबुट्टीपुरता वेटोळ्यातला धागा पुरला असता. एवढ्या अक्षरांना आठ सशांचंही मेण लागलं असणार. आणि ओतकाम, एकही बुडबुडा नसलेलं, कडेला गुळगुळीत वळलेलं, ते या दोन जिल्ह्यांत एकच माणूस करत होता.

ती खाली उतरली. प्रफुल तिच्याकडे बघत नव्हता. बापलेकांची खाली बघायची रीत एकच होती.

“तुले मालूम होतं?” तिने विचारलं.

तो म्हणाला की बाबांनी सांगितलं होतं, आईला सवडीने सांगू. मग म्हणाला की सुरेंद्रभाऊंनी सरळच विचारलं होतं, पाटी करून द्या, पितळ आहेच तुमच्या घरी, पोराची ऑर्डर आठ दिवसांत काढतो. मग म्हणाला, भाकर कशाची आहे. गोकुळाने डबा त्याच्या हातात दिला. त्याच्या शर्टाचं एक बटन तुटलं होतं, ते कुठे पडलं याची चौकशी केली, आणि बसस्टँडवर आली. रडू आलं नाही. फक्त तिकीट मागताना आपल्या गावाचं नाव तिला क्षणभर आठवेना.

घरी तिने इस्तारीला काही विचारलं नाही. तो काय सांगेल ते तिला अक्षर न् अक्षर ठाऊक होतं. पोरगं चार वर्षं बसून होतं, तुले झोप येत नव्हती, म्या काय माह्यासाठी केलं. आणि यातलं काही खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. ती त्याला जेवायला वाढत राहिली. मागितल्याशिवाय दुसरी भाकर वाढेनाशी झाली, एवढाच फरक पडला.

पुढच्या रविवारी सकाळी बिरजू आणि सुकरी आले. सातही गावांच्या वतीने नाणी न्यायला आले होते. बिरजूने धुतलेलं पागोटं बांधलं होतं. सुकरीच्या हातात नवी टोपली, आत पळसाची पानं अंथरलेली. देव न्यायला येताना आणतात तशी.

प्रफुल सुट्टीला घरी आलेला होता, तो दारात उभा राहिला. इस्तारीने पाणी दिलं, तंबाखू पुढे केला, मोहाची फुलं यंदा कशी पडली याची चौकशी केली. मग आतून सूप आणलं. सुपात सात डब्या मांडल्या होत्या. समितीने दिलेल्या, त्याच प्लॅस्टिकच्या.

“हे घ्या जी,” तो म्हणाला. “तुमचं काम झालं.”

बिरजूने एक डबी उघडली. नाणं तळव्यावर घेतलं. मग म्हणाला की चमक चांगली आहे. शहरातल्या मशीनचं काम, एकसारखं. इस्तारी म्हणाला, हो, एकसारखं. सुकरीने नाणं त्याच्याकडून घेऊन डोळ्यांजवळ नेलं.

“कुत्रा मांगं कसा?” ती म्हणाली.

इस्तारीने पाहुण्यांचं सांगितलं. सुकरी ऐकत राहिली. मग म्हणाली की पाहुण्यांनी आपली गोष्ट ऐकली नसेल, त्यांचा काय दोष. ती टोपलीत नाणी ठेवत नव्हती. एक नाणं उचलून ती दुसऱ्या हातात देई आणि पुन्हा पहिल्या हातात घेई. चिरा पडलेली घंटा तिने स्वतः उतरवली होती. तिचं वजन तिच्या हाताला ठाऊक होतं. गोकुळाने ते पाहिलं, आणि सुकरीने गोकुळा पाहते आहे हे पाहिलं, आणि दोघींनी नजर वळवून अंगणातल्या कोंबडीकडे नेली.

कोंबडी बराच वेळ सगळ्यांनी पाहिली.

बिरजू भला माणूस होता. त्याच्या बापाचा देव या घरात ओतला होता आणि आज्याचाही. या ओट्यावर बसून या माणसांना खोटं ठरवायचं म्हणजे त्या देवांचंही काय म्हणायचं, हे त्याला कळत नव्हतं. त्याने नाणं डबीत ठेवलं, झाकण लावलं, आणि खाकरला. मग इस्तारीला सोडून गोकुळाकडे वळला, कारण शब्द तिने दिला होता.

“मशीनमंधी गेलं का पितळ हलकं होत असन,” तो म्हणाला. “नाई का, बाई?”

त्याने दार उघडून दिलं होतं. नुसती मान हलवायची होती. मान हलवली असती तर सुकरीने डब्या टोपलीत ठेवल्या असत्या, इस्तारीने मोठा श्वास सोडला असता, प्रफुल संध्याकाळच्या गाडीने पाटी पुसायला गडचांदूरला गेला असता. पुढच्या साली कोणीतरी गाठोडं घेऊन आलंही असतं. किंवा नसतं आलं, आणि का आलं नाही हे कोणी कधी बोललं नसतं. इस्तारी तिच्याकडे बघत होता. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, सरळ, रेडिओ घेतला त्या दिवशी बघितलं होतं तसा. त्या बघण्यासाठी ती मांडवातल्या दिवसापासून झुरली होती, आणि ते आलं ते हे मागायला.

तिने पदर खांद्यावर घेतला आणि सुकरीच्या हातातलं नाणं काढून सुपात ठेवलं.

“नाई होत, बिरजूभाऊ,” ती म्हणाली. “पितळ हलकं होत नाई. तुमची घंटा याच्यात नाई. साती गावचं पितळ गडचांदूरच्या शाळेवर टांगलं हाय, अध्यक्षाच्या बापाच्या नावाची पाटी करून. यायनंच ओतली, याच भट्टीवर, माह्या पोराच्या नोकरीसाठी. अन् मले कोनी फसवलं असं नोका समजू. माजरीहून आली तवा राख ताजी होती, मले तवाच समजलं. मीनं इचारलं नाई. मले पोराची नोकरी पाह्यजे होती.”